२^३१ − १ आणि २^३२ + १: एक मूळ संख्या, दुसरी नाही

मर्सेन आणि फर्मा, ही दोन नावं लोकांची कायम उलटसुलट होतात. दोघंही सतराव्या शतकातले फ्रेंच गणिती, दोन्हीकडे २ चा घात घ्यायचा, मग वजा १ केलं की मर्सेन, अधिक १ केलं की फर्मा. पण घातांक कुठलाही चालत नाही आणि खरा फरक तिथेच आहे.

वजावाली मूळ व्हायची तर घातांक स्वतः मूळ लागतो. २^१५ − १ म्हणजे ३२,७६७ घ्या, १५ = ३ × ५, म्हणून तिला ७ (२^३ − १) नेही भाग जातो नि ३१ (२^५ − १) नेही. (घातांक मूळ असला म्हणजे झालं असंही नाही हां, २^११ − १ = २०४७ = २३ × ८९.) अधिकवालीत मात्र घातांकात विषम अवयव शिरला की खेळ खल्लास, २^६ + १ = ६५ बघा, म्हणून तिथे घातांक १, २, ४, ८, १६, ३२ असेच.

फर्माला १६४० च्या सुमारास वाटलं की या सगळ्या मूळच असणार. ३, ५, १७, २५७, ६५,५३७ इथवर बरोबरही होतं. पुढची ४,२९,४९,६७,२९७, म्हणजे २^३२ + १, आणि १७३२ मध्ये गणिती ऑयलरने ती फोडली. दिसेल त्या संख्येने भागत बसायची गरजच नव्हती, कारण तिचा मूळ अवयव असलाच तर तो ६४ ची पट अधिक १ असाच असतो. १९३ नाही, २५७ नाही, ४४९ नाही, ५७७ नाही, ६४१ ला गेला भाग! ६४१ × ६७,००,४१७. कॅल्क्युलेटर नको असेल तर हे बघा: ६४१ = ५ × २^७ + १, आणि ६४१ = ५^४ + २^४ पण. ६४१ ने भागल्यावर, पहिल्यावरून ५ × २^७ ची बाकी −१, चौथा घात घेतला की ५^४ × २^२८ ची बाकी १, आता दुसऱ्यावरून ५^४ च्या जागी −२^४ टाका, −२^३२ ची बाकी १ आली, म्हणजे २^३२ + १ ची शून्य, काम झालं. मला तरी हे भारी वाटतं.

२,१४,७४,८३,६४७, म्हणजे २^३१ − १, हिचा निकालही ऑयलरचाच, १७७२ मधला, तेव्हा त्याची नजर जवळपास गेलेली. इथे अवयव ६२ ची पट अधिक १ हवा, वर ८ ने भागून बाकी १ किंवा ७, आणि वर्गमूळ ४६,३४० च्या आसपास, तिथवरच बघायचं. एकही लागला नाही, संख्या मूळ.

कॉम्प्युटरवाल्यांना हीच ओळखीची, ३२ बिटच्या साइनवाल्या (म्हणजे ऋण संख्याही साठवणाऱ्या) इंटिजरची, पूर्णांकाची, कमाल मर्यादा. १९७० पासूनचे सेकंद त्यात मोजणारी जुनी सिस्टिम १९ जानेवारी २०३८ ला आपल्याकडे सकाळी ८:४४:०७ ला भरणार. साइन नसलेल्याची मर्यादा ४,२९,४९,६७,२९५, आणि तिला फर्माची समजू नका, ती २^३२ − १, दोनने कमी. तिचे अवयव: ३ × ५ × १७ × २५७ × ६५,५३७, फर्माच्या त्या पाचही.