वितरित फाइल साठवण : नव्या सोयी व सेटिंगमधील बदल

अनेक संगणकांच्या डिस्क जाळ्याने जोडून त्या वापरणाऱ्याला एकाच फाइलव्यवस्थेसारख्या दाखवणाऱ्या प्रणालीस ‘वितरित फाइल साठवण’ म्हणतात. हडूपची एचडीएफएस, सेफ आणि ग्लस्टर या तिच्या प्रचलित मुक्तस्रोत प्रणाली होत. नव्या आवृत्तीबरोबर नव्या सोयी गाजावाजा करून येतात. चालू यंत्रणा अडखळते ती बहुधा गुपचूप बदललेल्या डिफॉल्टमुळे (आपण काही न ठरवल्यास लागू होणाऱ्या सेटिंगमुळे). असा बदल आधीपासून साठवलेल्या डेटालाही लागू होतो की फक्त पुढच्या लेखनाला, याचे उत्तर प्रणालीगणिक वेगळे आहे.

उगम : कार्नेगी मेलन विद्यापीठातील अँड्र्यू प्रकल्प (१९८३) आणि सन कंपनीची एनएफएस ही जाळ्यावरील फाइलव्यवस्था (१९८४-८५ च्या सुमारास) येथून हा इतिहास सांगण्याची प्रथा आहे. आजच्या प्रणालींची घडण मात्र २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गूगल फाइल सिस्टिमच्या निबंधाला अधिक जवळची आहे. ६४ एमबीचे तुकडे आणि प्रत्येकाच्या तीन प्रती हा पायंडा त्यातलाच. हडूपने तो उचलला. तुकडा पुढे दुसऱ्या आवृत्तिमालेत १२८ एमबीचा झाला.

तीन प्रतींऐवजी डेटाचे तुकडे व त्यांवरून काढलेले पडताळा-तुकडे ठेवण्याच्या पद्धतीस इरेजर कोडिंग म्हणतात. तिच्या जनकत्वाबद्दल एकवाक्यता नाही. काही लेखक रीड व सॉलोमन यांच्या १९६० च्या निबंधाकडे बोट दाखवतात. काही मायकेल राबिन यांच्या १९८९ मधील माहिती-विखुरणाच्या मांडणीस मान देतात. अनेक डिस्क एकत्र वापरण्याच्या, १९८८ मध्ये मांडलेल्या ‘रेड’ पद्धतीतील पॅरिटीपासून (पडताळा-माहितीपासून) सुरुवात करणारेही आहेत. रीड-सॉलोमन यांचा निबंध संकेतांतील चुका दुरुस्त करण्यासंबंधी होता, साठवणीसंबंधी नव्हे. उलट फाइलचे तुकडे करून त्यांपैकी ठरावीक संख्येवरून मूळ फाइल उभी करण्याचा विचार राबिन यांच्याकडे थेट आढळतो. गणित पहिल्यांचे व उपयोजन दुसऱ्यांचे, असे मानणे अधिक सयुक्तिक दिसते.

हडूप : इरेजर कोडिंग डिसेंबर २०१७ च्या ३.० आवृत्तीत आले. प्रचलित ६+३ योजनेत सहा डेटा-तुकडे व तीन पडताळा-तुकडे असतात. कोणतेही तीन गेले तरी फाइल वाचते. ६०० एमबीच्या फाइलला तीन प्रतींत १,८०० एमबी लागतात, येथे ९००. हा हिशोब लहान फाइलना लागू पडत नाही, हे मात्र अनेक वर्णनांत गाळलेले असते. डेटा १ एमबीच्या कप्प्यांत विभागला जात असल्याने त्याहून लहान फाइलला एक डेटा-तुकडा आणि तेवढेच मोठे तीन पडताळा-तुकडे लागतात. म्हणजे चौपट जागा, तीन प्रतींहूनही जास्त. शिवाय इरेजर कोडिंगच्या कोणत्याही फाइलवर ‘एचफ्लश’ची (लिहिलेला डेटा लगेच पुढे पाठवण्याची) आज्ञा दिली तर ती त्रुटी न दाखवता काहीच करत नाही. लॉग लिहिणाऱ्या प्रोग्रॅमना हे घातक ठरू शकते.

डिरेक्टरीला ही योजना लावली तरी तीत आधी असलेल्या फाइल जशाच्या तशा राहतात. त्यांची नव्याने प्रत करावी लागते. प्रतींची संख्या सेटिंगमध्ये बदलल्यासही तसेच. जुन्या फाइलसाठी ‘सेटरेप’ ही प्रतींची संख्या बदलणारी आज्ञा वेगळी चालवावी लागते.

याच ३.० आवृत्तीत पोर्ट (जाळ्यावरील सेवांचे क्रमांक) बदलले. नेमनोडचे (फाइलांची नोंद ठेवणाऱ्या मुख्य सर्व्हरचे) वेबपान ५००७० वरून ९८७० वर गेले, कारण जुने क्रमांक लिनक्स तात्पुरत्या जोडण्यांना वाटते त्या पट्ट्यात पडत आणि सेवा सुरू होताना पोर्ट आधीच अडलेले सापडे. नेमनोडचे मुख्य पोर्टही ८०२० वरून ९८२० झाले होते, ते ३.०.१ मध्ये पुन्हा ८०२० करण्यात आले.

सेफ : सेज वाइल यांच्या सांताक्रूझ (कॅलिफोर्निया) येथील संशोधनातून निघालेली प्रणाली, मुख्य निबंध २००६ चा. डेटा कुठे ठेवायचा हे क्रश नावाची गणनपद्धती ठरवते. तिचा नकाशा बदलताच जुना डेटाही हलू लागतो, म्हणजे हडूपच्या अगदी उलट. २०१८ च्या मिमिक आवृत्तीपासून सेटिंग मॉनिटरांकडे (समूहाची स्थिती सांभाळणाऱ्या सेवांकडे) एकत्र ठेवता येतात. तरी एखाद्या यंत्रावरील स्थानिक फाइलमध्ये जुनी ओळ राहिली असल्यास तीच वरचढ ठरते. मध्यवर्ती बदल ‘लागत नाही’ अशा तक्रारीत प्रथम हेच तपासावे. नॉटिलसने (२०१९) जुन्या ६७८९ पोर्टच्या जोडीला ३३०० आणले, तेव्हा फायरवॉलचे नियमही वाढवावे लागले.

मुंबईच्या दृष्टीने २०२१ च्या पॅसिफिक आवृत्तीतील ‘स्ट्रेच मोड’, म्हणजे एकच साठवण दोन केंद्रांत पसरवण्याची सोय, महत्त्वाचा. ठाण्याच्या खाडीच्या एका बाजूस अंधेरी व दुसरीस महापे अशी दोन डेटा केंद्रे धरल्यास प्रत्येकी दोन, एकूण चार प्रती ठेवल्या जातात. दोन्हींमधला संपर्क तुटला तर कौल देण्यासाठी तिसऱ्या ठिकाणी एक मॉनिटर हवाच. इरेजर कोडिंग येथे चालत नाही, त्यामुळे जागेची बचत सोडावी लागते. देयकांचा डेटा भारतातच ठेवण्याबाबतच्या रिझर्व्ह बँकेच्या एप्रिल २०१८ च्या परिपत्रकामुळे देशांतर्गत व्यवहारांची दुसरी प्रत परदेशी ठेवण्याचा पर्याय देयके हाताळणाऱ्या संस्थांना उरलेला नाही. दोन केंद्रांमधील दुव्याचे महत्त्व २४ फेब्रुवारी २०२१ रोजी दिसले. त्या दिवशी राष्ट्रीय शेअर बाजारातील व्यवहार ११.४० ला थांबले व पुढे सायंकाळी पाचपर्यंत वाढवावे लागले. दूरसंचार दुव्यांतील बिघाड हे कारण बाजाराने दिले होते. तेथील साठवण प्रस्तुत व्याख्येत काटेकोरपणे बसत नाही. कुलाब्याची टाटा मूलभूत संशोधन संस्था युरोपातील सर्न या कणभौतिकी प्रयोगशाळेच्या सीएमएस प्रयोगाचे द्वितीय स्तराचे गणनकेंद्र चालवते. वितरित साठवणीचा वापर शहरात केवळ वित्तक्षेत्रापुरता नाही, याचे हे उदाहरण.

ग्लस्टर : हिच्यात मेटाडेटाचा (फाइलांविषयीच्या माहितीचा) वेगळा सर्व्हर नाही, फाइलच्या नावावरून जागा काढली जाते. म्हणून नवी ‘ब्रिक’ (साठवणीसाठी दिलेली सर्व्हरवरील जागा) जोडल्यावर फाइलांची फेरवाटणी करणारी ‘रीबॅलन्स’ आज्ञा चालवेपर्यंत जुन्या फाइल जुन्याच ब्रिकवर राहतात. दोन प्रतींच्या मांडणीत दोन्ही बाजू परस्परविरोधी होण्याचा धोका असल्याने २०१५ च्या ३.७ मध्ये निवाडा करणारी तिसरी, आर्बिटर ब्रिक आली. ती फक्त नावे व गुणधर्म ठेवते, मजकूर नाही. सर्व्हर गप्प झाल्यावर क्लायंट ४२ सेकंद वाट पाहतो, हे डिफॉल्ट पुष्कळांना अडचणीचे वाटते. पण ते फार कमी केल्यास क्षणिक अडथळ्यातही जोडणी तुटते आणि फाइलवरील सर्व कुलुपे (एका वेळी एकालाच बदल करू देणारी) नव्याने घ्यावी लागतात. २०११ मध्ये ग्लस्टर विकत घेणाऱ्या रेड हॅटने आपल्या व्यापारी आवृत्तीचा पाठिंबा २०२४ अखेर थांबवला.