किनाऱ्याचा नकाशा घेताना उंची कुठून मोजली ते आधी विचारा

किनाऱ्यालगतचे घरमालक, बागायतदार, होमस्टेवाले आणि ग्रामपंचायती यांच्यासाठी

अलिबागकडचे एक बागायतदार पावसाळ्याच्या तोंडावर आमच्याकडे, म्हणजे किनाऱ्याची मोजणी करणाऱ्यांकडे, आले. हातात वाडीचा नकाशा, त्यावर अंगणाची उंची ३.५ मीटर. मोबाईलवर बातमी, ४.८ मीटरची भरती येणार. "म्हणजे अंगणात सव्वा मीटर पाणी?" त्यांनी विचारलं.

तसं नाही. भरतीचा आकडा बंदराच्या नकाशातल्या शून्यापासून मोजतात आणि तो शून्य जवळजवळ सगळ्यात खालच्या ओहोटीच्या पातळीला असतो. जमिनीची उंची मात्र सरासरी समुद्रसपाटीपासून धरतात. मुंबई-अलिबाग पट्ट्यात या दोन शून्यांत सुमारे अडीच मीटरचं अंतर आहे. म्हणजे ४.८ची भरती जमिनीच्या मापात २.३ मीटरच्या आसपास येते आणि अंगण तिच्या मीटरभर वर राहतं. पण हा हिशेब शांत पाण्याचा. वादळात वाऱ्याने ढकललेलं पाणी आणि लाटांचा चढ त्यावर धरावा लागतो, म्हणून निर्धास्त राहा असंही आम्ही त्यांना सांगितलं नाही. दक्षिणेला मालवण-वेंगुर्ल्याकडे भरती-ओहोटीतलं अंतरच कमी, त्यामुळे तिथे अडीच मीटरचा आकडा चालत नाही. प्रत्येक ठिकाणचा शून्य वेगळा काढावा लागतो.

तिसरा शून्य उपग्रहाचा. आमचं जीपीएस यंत्र अलिबागच्या पुळणीवर पाण्याशेजारी ठेवलं, तर पडद्यावर उणे साठ मीटरच्याही खालचा आकडा दिसतो. यंत्र बिघडलेलं नसतं. उपग्रह पृथ्वीचा एक गुळगुळीत गोलवा गृहीत धरून मोजतो आणि आपल्या बाजूला गुरुत्वाकर्षण जरा कमी असल्यामुळे समुद्राचं पाणी त्या गोलव्यापेक्षा खाली बसलेलं आहे. म्हणून आम्ही सर्व्हे ऑफ इंडियाच्या बेंचमार्कपासून, म्हणजे उंची आधीच ठरवून दिलेल्या खुणेपासून, लेव्हल आणतो आणि जीपीएसची उंची तिच्याशी जुळवूनच नकाशावर टाकतो. हे काम वेळखाऊ आहे. आमच्या दरपत्रकात त्याची वेगळी रक्कम दिसते ती यासाठी, आणि ती कमी करायला आम्ही तयार होत नाही.

इंटरनेटवर फुकट मिळणाऱ्या उंचीच्या माहितीबद्दल बरेच जण विचारतात. मोठ्या डोंगराळ भागाचा अंदाज घ्यायला ती चांगली आहे. किनाऱ्याच्या गावात मात्र ती धोक्याची, कारण त्यातल्या बऱ्याच माहितीत तीस मीटर लांबी-रुंदीच्या चौकोनाला एकच उंची असते आणि ती पुष्कळदा जमिनीची नसून माडांच्या शेंड्यांची किंवा छपरांची असते. दाट वाडीतलं सखल घर त्या नकाशावर काही मीटर उंच, सुरक्षित दिसतं.

पाणी समोरूनच येतं असं धरून चालणंही चुकीचं. देवबागसारख्या गावाला एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्ली नदीची खाडी. अशा ठिकाणी समुद्राकडची वाळूची टेकडी उंच असली तरी खाडीकडच्या व्हाळातून, बांधाच्या एखाद्या फुटलेल्या मोरीतून उधाणाचं पाणी आत शिरतं. त्यामुळे आम्ही मोऱ्या, पायवाटांनी पडलेल्या खिंडी आणि बांधाचा माथा पायी फिरून मोजतो.

वाळूचा हिशेब

पुळण वर्षभर सारखी नसते. पावसाळ्यातल्या लाटा वाळू ओढून पाण्याखालच्या वाळूच्या दांड्यावर नेतात, आणि दिवाळीनंतर शांत लाटा त्यातली बरीचशी परत आणून टाकतात. त्यामुळे मे महिन्यातला फोटो सप्टेंबरच्या फोटोशेजारी ठेवून "किनारा गेला" म्हणता येत नाही. मेची तुलना मेशीच करायची आणि तीही निदान तीन-चार वर्षं. एका वर्षाच्या मोजणीवर धूपप्रतिबंधक बंधारा सुचवणारा अहवाल आम्ही लिहून देत नाही. एका ठिकाणी दगड टाकले की शेजारच्या पुळणीची वाळू तुटू शकते, हे कोकणातल्या गावांना वेगळं सांगायला नको.

ड्रोन आम्ही अमावस्या-पौर्णिमेच्या आसपासच्या मोठ्या ओहोटीला, सकाळी लवकर उडवतो. त्या वेळी पुळण जास्तीत जास्त उघडी असते. कोरडी पांढरी वाळू दुपारच्या उन्हात एकसारखी दिसते आणि फोटो एकमेकांशी जुळत नाहीत. सकाळच्या तिरप्या उन्हात वाळूवरच्या वळ्या स्पष्ट उठतात. जमिनीवर काळे-पांढरे चौकोन मांडून त्यांची उंची आधी मोजलेली असते. त्यातले काही चौकोन आम्ही हिशेबात न घेता फक्त तपासणीसाठी ठेवतो. चूक किती निघाली ते अहवालाच्या पहिल्याच पानावर छापतो.

ती चूक किरकोळ समजू नका. एक हेक्टर पुळणीवर उंचीत सरासरी ५ सेंटीमीटरचा फरक म्हणजे ५०० घनमीटर, सुमारे १७७ ब्रास वाळू. ज्या अहवालात चूक किती याचा आकडाच नाही, त्यातले ब्रास कोणीही मान्य करू नयेत. ड्रोनला पाण्याखालचं दिसत नाही, हेही ध्यानात असू द्या. खाडीच्या मुखाशी दांडा किती सरकला ते होडीतून खोली मोजूनच कळतं.

एक गोष्ट आम्ही करत नाही. सीआरझेडसाठी (किनारपट्टीवरच्या बांधकामाच्या नियमांसाठी) लागणारी अधिकृत भरतीरेषा केंद्र सरकारने मान्यता दिलेल्या संस्थाच आखतात. आमचा नकाशा त्या रेषेच्या जागी जोडू नका, प्रस्ताव परत येईल.

मोजणीला येऊ त्या दिवशी घरातल्या वडीलधाऱ्यांना थोडा वेळ मोकळं ठेवा. २०२०च्या निसर्ग चक्रीवादळात किंवा २०२१च्या तौक्तेत पाणी कुठल्या पायरीपर्यंत आलं, विहीर खारी झाली का, भिंतीवर ओल कुठवर चढली होती, हे त्यांनी बोटाने दाखवलं की आम्ही तिथेच लेव्हलची पट्टी धरतो. भिंतीवरची ती खूण अजून असेल, तर आम्ही येईपर्यंत भिंत रंगवू नका.