फ्रंटएंड तंत्रज्ञानाची निवड : मोठ्या संस्थांच्या प्रणालींसाठी

एखाद्या कारखान्याचा, बँकेचा किंवा विद्यापीठाचा रोजचा कारभार चालवणाऱ्या संगणक प्रणालीचा जो भाग वापरणाऱ्याच्या यंत्रावर, म्हणजे आता बहुधा ब्राउझरमध्ये, चालतो तो म्हणजे फ्रंटएंड; तो कशात लिहायचा याचा निर्णय. हा निर्णय अवघड होतो तो आयुर्मानामुळे. अशी प्रणाली दहा-पंधरा वर्षे सहज वापरात राहते. फ्रंटएंडची साधने तेवढी टिकतातच असे नाही.

ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये नेटस्केप या ब्राउझर कंपनीसाठी ब्राउझरमध्ये चालणारी जावास्क्रिप्ट ही भाषा लिहिली, पण तिच्या भरवशावर मोठी प्रणाली उभारायला पुढे बरीच वर्षे कोणी धजावत नव्हते. ती उणीव जावा अ‍ॅप्लेट, फ्लेक्स आणि सिल्व्हरलाइट यांनी भरून काढली. तिन्ही प्लगइनवर, म्हणजे ब्राउझरला वेगळ्या जोडाव्या लागणाऱ्या प्रोग्रामवर, अवलंबून होती आणि प्लगइनबरोबरच गेली. फ्लेक्स ज्यावर चालत असे तो फ्लॅश प्लेअर ३१ डिसेंबर २०२० रोजी बंद झाला, सिल्व्हरलाइटची देखभाल ऑक्टोबर २०२१ मध्ये थांबली. प्लगइन न लागणारी साधनेही सुरक्षित राहिली नाहीत. जावास्क्रिप्टमध्ये स्क्रीन लिहिण्यासाठीचे गूगलचे अँग्युलरजेएस २०१० मध्ये आले. २०१६ चे अँग्युलर मुळापासून नव्याने लिहिलेले असल्याने जुना कोड त्यात चालेना, आणि डिसेंबर २०२१ मध्ये अँग्युलरजेएसची देखभालही संपली.

सध्या मुख्यतः तीन पर्याय विचारात घेतले जातात. अँग्युलरमध्ये राउटिंग (एका पानावरून दुसऱ्या पानावर जाणे), फॉर्म, सर्व्हरशी म्हणजे माहिती ठेवणाऱ्या मध्यवर्ती संगणकाशी बोलणे हे सगळे एकाच चौकटीत मिळते; दर सहा महिन्यांनी मोठी आवृत्ती येते आणि प्रत्येक आवृत्तीला १८ महिने आधार असतो. रिअ‍ॅक्ट (२०१३) ही केवळ लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, आहे; उरलेले तुकडे आपण निवडायचे आणि सांभाळायचे. इव्हान यू यांचे व्ह्यू (२०१४) शिकायला सोपे. मायक्रोसॉफ्टची टाइपस्क्रिप्ट (२०१२), म्हणजे माहितीचे प्रकार तपासणारी जावास्क्रिप्ट, तिन्हींबरोबर चालते, आणि अनेक हात लागणाऱ्या कोडसाठी ती घेतलीच पाहिजे.

निवडीची खरी कसोटी मात्र कामाच्या जागी लागते. महाराष्ट्रात सर्वाधिक साखर कारखाने असलेल्या जिल्ह्यांत सोलापूरची गणना होते, आणि कारखान्याचा वजनकाटा ही फ्रंटएंडची अवघड परीक्षा आहे. गाळप हंगामात रात्रंदिवस उसाच्या गाड्यांची रांग असते. भरलेल्या गाडीचे वजन, ऊस खाली झाल्यावर रिकाम्या गाडीचे वजन, वजावट होऊन निव्वळ वजनाची पावती. काटा क्लार्कची नजर गाडीवर आणि बोटे कीबोर्डवर असतात. फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस साधनात लिहिलेल्या स्क्रीनवर एंटर दाबले की पुढचा रकाना येई. ब्राउझरमध्ये पुढचा रकाना टॅबने येतो आणि एंटरने फॉर्मच पाठवला जातो. हे मुद्दाम बदलून घेतले नाही तर अर्धवट पावत्या निघतात. माउसशिवाय पूर्ण पावती निघते का, हे ज्या नमुन्यावर तपासलेले नाही तो नमुना मान्य करू नये.

शिवाय काट्याच्या यंत्राकडून वजन सिरियल पोर्टवरून, म्हणजे यंत्रे संगणकाला जोडण्याच्या जुन्या पद्धतीच्या जोडणीतून, येते, आणि साधे वेबपान त्या पोर्टला हात लावू शकत नाही. डेस्कटॉपवरील क्रोममध्ये २०२१ पासून पानाला तो पोर्ट वाचू देणारी वेब सिरियल ही सोय आहे, पण ती सगळ्या ब्राउझरमध्ये गृहीत धरता येत नाही. म्हणून त्याच संगणकावर छोटा स्थानिक प्रोग्राम ठेवून त्याने वजन वाचावे आणि पानाला द्यावे, हा मार्ग अधिक भरवशाचा. वजन हाताने टाइप करण्याची मुभा ठेवणे म्हणजे शेतकऱ्याचा विश्वास पणाला लावणे.

फडात उभ्या असलेल्या चिटबॉयची, म्हणजे उसाच्या नोंदी घेणाऱ्या कारखान्याच्या माणसाची, गरज वेगळी. तिथे मोबाइलला रेंज नसते, तेव्हा नोंद आधी फोनमध्येच साठली पाहिजे आणि रेंज आल्यावर सर्व्हरला गेली पाहिजे. ब्राउझरमधील इंडेक्स्डडीबी (माहितीचा साठा) आणि सर्व्हिस वर्कर (रेंज नसतानाही पान चालू ठेवणारा कोड) यांनी हे साधते, मात्र त्याची आखणी पहिल्या दिवसापासून हवी. नंतर जोडायला गेले की निम्मा कोड पुन्हा लिहावा लागतो.

भाषेकडे तर सर्वात शेवटी पाहिले जाते, आणि ते चुकते. सोलापुरात मराठी, कन्नड, तेलुगू नावे एकाच यादीत येतात. पडद्यावर ब्राउझर ती नीट दाखवतो, पण क्लायंटवर, म्हणजे वापरणाऱ्याच्याच यंत्रावर, पीडीएफ बनवणाऱ्या अनेक लायब्ररी देवनागरीची जोडाक्षरे तोडतात. ‘कुऱ्हाडे’, ‘क्षीरसागर’ ही नावे छापून पाहिली की ते लगेच कळते. तशी पावती सर्व्हरवर बनवावी.

हिशेबाचे नियम क्लायंटमध्ये ठेवू नयेत. उसाची एफआरपी, म्हणजे शेतकऱ्याला द्यायचा किमान दर, केंद्र सरकार दर हंगामासाठी ठरवते आणि ऊस नियंत्रण आदेश, १९६६ नुसार ती १४ दिवसांत द्यायची असते. दर, कपाती, मुदत ही गणिते सर्व्हरवर असतील तर उद्या स्क्रीन दुसऱ्या साधनात लिहिल्या तरी बिलाला धक्का लागत नाही.

माणसांचा प्रश्नही इथलाच आहे. सोलापुरात शिकलेली मुले नोकरीसाठी पुण्याला जातात. म्हणून फार थोड्यांना येणारे साधन, कितीही सुरेख असले तरी, कारखान्याने घेऊ नये. लिहिणारा गेल्यावर दुसरा माणूस मिळाला पाहिजे.

बदल करायचा तो गाळप बंद असताना, एकेका विभागाने. आधी अहवाल, मग शेतकी खात्याची ऊस नोंद, मग बिले. काट्याची स्क्रीन सर्वात शेवटी, आणि पहिल्या हंगामात जुनी प्रणाली शेजारच्या संगणकावर चालू ठेवून.