क्रिएटिनिन १.१, पण कुणाचं?

रिपोर्ट आला की आपण पहिलं काय करतो तर ठळक छापलेला आकडा शोधतो. क्रिएटिनिन (किडनी रक्तातून बाहेर टाकते तो एक टाकाऊ पदार्थ) १.१, बाजूच्या रेंजमध्ये बसतंय, ठळक नाहीये, चला किडनी ओके, फोटो फॅमिली ग्रुपवर. पण हाच १.१ जर २५ वर्षांच्या मुलाचा असेल तर आजच्या सूत्राने त्याचा ईजीएफआर (म्हणजे क्रिएटिनिन, वय आणि स्त्री की पुरुष यावरून काढलेला, किडनी किती गाळते याचा अंदाज) ९५ च्या आसपास येतो आणि ७० वर्षांच्या आजीचा असेल तर जेमतेम ५४. आकडा तोच! हे असं का होतं ते समजायचं तर ही टेस्ट कुठून आली ते बघायला लागतं.

लघवी बघून रोग ओळखणं तसं फार जुनं. आपल्याकडे लघवीला मुंग्या लागतात का बघायचे (तो मधुमेह झाला, किडनी नाही), तेलाचा थेंब टाकून तो कसा पसरतो ते बघायचे, युरोपात काचेच्या भांड्यात घेऊन उजेडात धरायचे. किडनीशी नीट नातं जोडलं ते लंडनच्या गाइज हॉस्पिटलमधल्या रिचर्ड ब्राइट यांनी, १८२७ मध्ये. अंगावर सूज आलेल्या पेशंटची लघवी चमच्यात घ्यायची आणि मेणबत्तीवर धरायची, अंडं उकडल्यावर आतलं पांढरं कसं घट्ट होतं तसंच काहीतरी त्यात व्हायचं, कारण दोन्हीकडे अल्ब्युमिन नावाचं प्रोटीनच. तापवल्यावर लघवी अशी साकळते हे आधीही काहींनी बघितलं होतं, पण असे पेशंट गेल्यावर त्यांच्या किडन्या उघडून बघून दोन्हीचा संबंध लावला तो ब्राइटनी. पुढे कितीतरी वर्षं किडनीच्या आजाराला ब्राइट्स डिसीजच म्हणायचे. एक चमचा आणि एक मेणबत्ती, बस.

रक्ताकडे लक्ष गेलं त्याच सुमाराला. १८२१ मध्ये प्रेव्हो आणि द्युमा या दोघांनी जनावरांच्या किडन्या काढल्या तर रक्तातला युरिया वाढला, म्हणजे युरिया किडनीत तयार होत नाही, किडनी फक्त तो बाहेर टाकते. पण युरिया जेवणावर, पाणी किती प्यायलात त्यावर पण हलतो. (जाता जाता, अमेरिकेतल्या नातेवाइकाचा बीयूएन, म्हणजे युरियातला फक्त नायट्रोजन, १५ आणि आपला ब्लड युरिया ३२ बघून घाबरू नका, बीयूएनला २.१४ ने गुणलं की युरिया येतो, दोन्ही एकच.)

क्रिएटिनिनची गोष्ट १८८६ ची. मॅक्स याफे या जर्मन शास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की अल्कलीमध्ये पिक्रिक ॲसिड घातलं की क्रिएटिनिनमुळे नारिंगी-लाल रंग येतो. पिक्रिक ॲसिड म्हणजे तेच जे बॉम्बगोळ्यात भरायचे! त्यांच्या डोक्यात किडनीची टेस्ट वगैरे काही नव्हतं, ते काम नंतर ओटो फोलिन वगैरेंनी केलं, पण आजही कितीतरी लॅबमध्ये मशीनच्या आत हीच रिॲक्शन चालते.

आणि खरी मेख इथेच आहे. क्रिएटिनिन येतं स्नायूंमधून. आजी बारीक, स्नायू कमी, त्यामुळे क्रिएटिनिन मुळातच कमी तयार होतं, मग किडनी ढिली पडली तरी आकडा रेंजच्या आतच. म्हणून १९२० च्या दशकात क्लिअरन्स आला, किडनी मिनिटाला किती रक्त साफ करते ते मोजायचं. त्यासाठी २४ तासांची लघवी कॅनमध्ये जमवा, सकाळची पहिली फेकून द्या, नंतरची एकही चुकवू नका. ज्यांनी केलंय त्यांना माहितीये काय वैताग असतो तो.

त्यातून सुटका म्हणून सूत्रं आली. १९७६ चं कॉकक्रॉफ्ट-गॉल्ट कॅनडातल्या २४९ पेशंटवरून, जवळपास सगळे पुरुष, आणि बायकांचं काय तर १५ टक्के कमी धरा! गोळ्यांचा डोस ठरवायला हे अजून वापरतात. मग १९९९, २००९ ची सूत्रं, त्यात कृष्णवर्णीयांसाठी वेगळा गुणक होता, तो २०२१ मध्ये काढला. ईजीएफआर ६० च्या खाली तीन महिने राहिला तर क्रॉनिक किडनी डिसीज ही व्याख्या २००२ ची. वय झालं की ईजीएफआर थोडा उतरतोच, त्यामुळे सत्तरीतल्या माणसाला नुसत्या ५४ वर पेशंट ठरवायचं का यावर डॉक्टरांचंही एकमत नाही, आणि मला तरी हे दुमत रास्त वाटतं.

अशा वेळी फिरून परत लघवीच कामाला येते. १९६३ मध्ये लंडनला हॅरी कीन आणि सहकाऱ्यांनी इतकं कमी अल्ब्युमिन मोजायची पद्धत काढली की जे ना चमच्यात दिसलं असतं ना लघवीत बुडवायच्या पट्टीवर. १९८२ पर्यंत कळलं की शुगरवाल्यांमध्ये हे थोडंसं वाढलेलं अल्ब्युमिन पुढच्या किडनीच्या आजाराची चाहूल असते. आज रिपोर्टवर ते एसीआर (लघवीतल्या अल्ब्युमिनचं क्रिएटिनिनशी प्रमाण) म्हणून येतं, ३० च्या वर गेलं की लक्ष द्यायचं, बऱ्याचदा क्रिएटिनिन जागचं हललेलंही नसतं तेव्हा. आणि घरी ब्लड घ्यायला आलेल्या लॅबवाल्याला आपण हात पुढे करतो, लघवीची डबी मात्र 'नंतर आणून देतो' म्हणून कपाटावर राहते.