प्रतिपालकत्वातील बालकांचा नियतकालिक आढावा व कायदेशीर देखरेख

आईवडिलांपासून दूर राहण्याची वेळ आलेल्या बालकाला बालगृहात न ठेवता दुसऱ्या एखाद्या कुटुंबात ठेवण्याच्या व्यवस्थेला प्रतिपालकत्व म्हणतात. रोजच्या बोलण्यात ‘फॉस्टर केअर’ हाच शब्द अधिक चालतो. दत्तकविधानाने बालकाचे नाते कायमचे बदलते आणि साधारण दोन वर्षांच्या पाठपुराव्यानंतर शासन त्या घरातून बाहेर पडते. प्रतिपालकत्वात मात्र जन्मदात्या आईवडिलांचे नाते तुटत नाही आणि प्रतिपालक कुटुंबाला बालकावर कायमचा हक्कही मिळत नाही. बालक त्या घरात असते ते केवळ एका आदेशाच्या बळावर, म्हणून हा आदेश देणाऱ्या यंत्रणेची जबाबदारी आदेशावर सही झाल्याने संपत नाही. ठरावीक काळाने तिला दोन प्रश्न विचारावे लागतात. बालक या घरात सुखरूप आहे का, हा पहिला. आणि त्याने अजूनही इथेच राहण्याची गरज आहे का, हा दुसरा. भारतीय कायद्याने पहिल्या प्रश्नाला जितकी काटेकोर मुदत घातली आहे, तितकी दुसऱ्याला घातलेली नाही.

देखरेखीची आधुनिक कल्पना एका दुर्घटनेतून पुढे आली. ९ जानेवारी १९४५ रोजी इंग्लंडमधील श्रॉपशर परगण्यातील एका शेतघरात डेनिस ओनील हा बारा वर्षांचा मुलगा उपासमार आणि मारहाण यांमुळे मरण पावला. त्याला तिथे वेल्समधील न्यूपोर्टच्या स्थानिक प्रशासनाने ठेवले होते. सर वॉल्टर मॉन्क्टन यांच्या चौकशीत दोन स्थानिक प्रशासनांच्या देखरेखीतील ढिलाई उघड झाली, आणि १९४८ मध्ये तिथे बालकांविषयीचा नवा कायदा झाला. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेच्या अनुच्छेद २५ ने, शासनाने संगोपनासाठी किंवा संरक्षणासाठी अन्यत्र ठेवलेल्या प्रत्येक बालकाला आपल्या स्थितीचा नियतकालिक आढावा घेतला जाण्याचा हक्क दिला. भारताने ही संहिता डिसेंबर १९९२ मध्ये स्वीकारली. संयुक्त राष्ट्रांच्या २००९ च्या पर्यायी संगोपनविषयक मार्गदर्शक तत्त्वांनुसार असा आढावा शक्यतो निदान दर तीन महिन्यांनी व्हावा.

भारतात हा विषय बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ याच्या कक्षेत येतो. १५ जानेवारी २०१६ पासून अमलात असलेल्या या कायद्याचे कलम ४४ संपूर्णपणे प्रतिपालकत्वाविषयी आहे. बालकाला कुटुंबात ठेवण्याचा आदेश जिल्ह्याची बाल कल्याण समिती देते. अध्यक्ष आणि चार सदस्य अशी तिची रचना असते, त्यांत किमान एक महिला असावी लागते, आणि समितीला प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार असतात. कुटुंबाची निवड करताना त्याची क्षमता, हेतू आणि मुले सांभाळण्याचा पूर्वानुभव पाहायचा असतो. ही पाहणी जिल्हा बाल संरक्षण कक्ष गृहभेटी आणि चौकशी अहवालांच्या आधारे करतो. सख्ख्या भावंडांना शक्य तोवर एकत्र ठेवावे, आणि दत्तक देण्याजोग्या ठरलेल्या बालकाला दीर्घकालीन प्रतिपालकत्वात देऊ नये, हेही याच कलमात आहे. यांतील दुसरी अट महत्त्वाची आहे, कारण कायमचे घर मिळू शकणारे मूल तात्पुरत्या घरात अडकून पडण्याचा धोका तिने टळतो.

देखरेखीचा कणा म्हणजे कलम ४४(८). प्रतिपालक कुटुंबाची तपासणी समितीने दर महिन्याला विहित नमुन्यात करावी, आणि कुटुंब काळजी घेण्यात उणे पडत असल्याचे दिसल्यास बालकाला तिथून काढून दुसऱ्या योग्य कुटुंबात हलवावे, असे हे पोटकलम सांगते. कुटुंबावर शिक्षण, आरोग्य, पोषण आणि एकूण भले यांची जबाबदारी असल्याने तपासणीतही हेच पाहिले जाते: मूल शाळेत जाते का, लसी झाल्या का, वजन वाढते का, घरातल्या इतर मुलांसारखेच त्याचे खाणेपिणे आणि झोपण्याची जागा आहे का, त्याच्याकडून घरकाम किंवा शेतातली कामे करून घेतली जात नाहीत ना. आपले म्हणणे ऐकले जाण्याचा हक्क कायद्याच्या मूलतत्त्वांत बालकाला दिलेला आहे. तेव्हा प्रतिपालक समोर बसलेले असताना मुलाला ‘बरे आहे ना रे?’ एवढे विचारून उठणे म्हणजे तपासणी नव्हे. नमुन्याचे सगळे रकाने भरलेले असूनही मूल एकदाही मोकळेपणाने बोललेले नसणे, हे अशा पद्धतीत सहज घडू शकते.

दरमहा तपासणी कागदावर जितकी भक्कम दिसते तितकीच ती प्रत्यक्षात अवघड आहे. समितीने महिन्यात किमान वीस दिवस बैठका घ्याव्यात आणि निवासी संस्थांना निदान दोन भेटी द्याव्यात, हेही कायद्यानेच सांगितले आहे. गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात मुख्यालयापासून सिरोंचा सुमारे २०० किलोमीटरवर आहे. पाच जणांची समिती हे सारे कसे निभावणार, याचे उत्तर कलमात नाही; समितीत जागा रिकाम्या असतील तर प्रश्न आणखी बिकट होतो. संपूर्णा बेहुरा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ९ फेब्रुवारी २०१८ रोजी समित्यांमधील आणि बाल न्याय मंडळांमधील रिक्त पदे भरण्यावर भर दिला आणि कायद्याच्या अंमलबजावणीकडे उच्च न्यायालयांनी स्वतःहून लक्ष द्यावे असे सुचवले.

दुसऱ्या प्रश्नाबाबत, म्हणजे बालकाने किती काळ तिथे राहावे याबाबत, भारतीय व्यवस्था सैल आहे. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनुसार एका वर्षापर्यंतचे प्रतिपालकत्व अल्पकालीन, त्याहून अधिक ते दीर्घकालीन. आणि बालक व कुटुंब यांचे जुळते का हे पाहून समिती ही मुदत वेळोवेळी, अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंत वाढवू शकते. हे ‘वेळोवेळी’ म्हणजे नेमके कधी, हे समितीवर सोपवलेले आहे. अमेरिकेत १९८० च्या संघीय कायद्याने दर सहा महिन्यांनी आढावा सक्तीचा केला. १९९७ च्या कायद्याने बारा महिन्यांच्या आत कायमस्वरूपी व्यवस्थेविषयी सुनावणी घेणे बंधनकारक केले, आणि मूल मागच्या बावीस महिन्यांपैकी पंधरा महिने प्रतिपालकत्वात असल्यास, काही अपवाद वगळता, आईवडिलांचे हक्क संपवण्याची याचिका दाखल करण्याचे बंधन राज्यांवर घातले. ही घाई गरीब आईवडिलांवर अन्याय करते, हा तिथला जुना आक्षेप आहे आणि तो गैरलागू म्हणता येत नाही. इंग्लंडमध्ये पहिला आढावा वीस कामकाजी दिवसांत, दुसरा त्यानंतर तीन महिन्यांत आणि पुढचे दर सहा महिन्यांनी होतात. तिथे त्यासाठी स्वतंत्र आढावा अधिकारी असतो आणि ज्या प्रकरणाचा आढावा घ्यायचा ते त्याच्या हाताखालचे नसते.

आईवडील असमर्थ ठरल्यामुळे मूल दुसरीकडे ठेवले असेल, तर भारतीय कायदा त्यांना ठरावीक काळाने भेटीची मुभा देतो. ती नाकारायची झाल्यास समितीने कारणे नोंदवावी लागतात. आईवडील पुन्हा समर्थ झाल्याचे समितीने ठरवल्यावर मूल घरी परतू शकते. म्हणून आढाव्यात प्रतिपालकांच्या घराइतकीच जन्मघराचीही चौकशी व्हायला हवी: वडिलांचे व्यसन सुटले का, आईचे आजारपण सरले का, स्थलांतरित मजुरीवरून कुटुंब गावी परतले का.

समितीच्या बहुतेक आदेशांविरुद्ध तीस दिवसांत बाल न्यायालयात अपील करता येते. प्रतिपालकत्व, प्रायोजकत्व (मुलाच्या संगोपनासाठी दिलेली आर्थिक मदत) आणि अनुरक्षण (अठरा वर्षांनंतरचे साहाय्य) यांविषयीचे निर्णय मात्र कलम १०१ ने वेगळे काढले असून त्यांचे अपील जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांकडे जाते. समितीच्या कामाचा आढावा तेच घेतात, तिच्याविषयीच्या तक्रारीही त्यांच्याकडेच जातात, आणि १ सप्टेंबर २०२२ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने जिल्हा बाल संरक्षण कक्षही त्यांच्या देखरेखीखाली आला. एकाच टेबलावर इतक्या भूमिका आल्याने निर्णय लवकर होत असतील, पण स्वतंत्र नजर उरते ती कलम १०२ खालच्या उच्च न्यायालयाच्या पुनरीक्षणाचीच.

महाराष्ट्रात या विषयाची ओळख बहुतेकांना बालसंगोपन योजनेमुळे असते. आता क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचे नाव असलेल्या या योजनेत अनाथ, एकपालक किंवा संकटातील कुटुंबांच्या मुलांसाठी दरमहा २,२५० रुपये मिळतात. ही रक्कम आधी १,१०० रुपये होती. कोविडच्या साथीत पालक गमावलेल्या मुलांमुळे ही योजना घराघरांत पोहोचली. या योजनेतील पुष्कळ मुले आई, आजी किंवा मामा यांच्याकडेच राहतात. कलम ४४ मधील प्रतिपालकत्व मात्र जन्मदात्या कुटुंबाबाहेरच्या घराविषयी आहे. दोन्हींना सरसकट ‘संगोपन’ म्हटल्याने कोणाची तपासणी दरमहा बंधनकारक आहे, याविषयी घोटाळा होतो. मिशन वात्सल्य या केंद्रीय योजनेत प्रतिपालकत्वासाठी दरमहा ४,००० रुपयांची तरतूद आहे.

प्रतिपालकत्वाचा आदेश चार प्रकारे संपतो. बालक आपल्या घरी परतते, किंवा दुसऱ्या कुटुंबात जाते, किंवा त्याच प्रतिपालकांकडे दत्तक जाते. त्यासाठीची पाच वर्षांच्या वास्तव्याची अट केंद्राने २०२४ च्या सुधारित सूचनांत दोन वर्षांवर आणली. यांपैकी काहीच झाले नाही, तर अठरावा वाढदिवस उजाडतो आणि दरमहाची तपासणी थांबते. त्यानंतर साधारणपणे एकविसाव्या वर्षापर्यंत मिळू शकते ते अनुरक्षणाचे आर्थिक साहाय्य.