दानीएलाने 21 दिवस फक्त भाज्या खाल्ल्या?

‘दानीएलाने 21 दिवस भाजी-पाण्यावर उपास केला, म्हणून आपणही करायचा’, असं दरवर्षी ऐकू येतं. यात बायबलमधल्या दानीएल संदेष्ट्याच्या पुस्तकातले दोन वेगळे प्रसंग एकत्र कालवलेत.

त्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात दानीएल आणि त्याचे तीन मित्र बाबेलच्या (बॅबिलॉनच्या) राजाचं अन्न व द्राक्षारस नाकारतात आणि भाजी-पाणी मागतात. मुदत 10 दिवसांची, आणि तीही उपास म्हणून नव्हे, परीक्षा म्हणून. शेवटी चौघे इतरांपेक्षा अंगाने भरलेले दिसतात. वजन उतरवायला हा उपास धरणाऱ्यांनी एवढं तरी वाचावं! तीन आठवडे येतात थेट दहाव्या अध्यायात, पारसाचा राजा कोरेश (सायरस) याच्या कारकिर्दीच्या तिसऱ्या वर्षी. तिथे दानीएल शोक करतोय. चमचमीत अन्न, मांस, द्राक्षारस सोडतो, अंगाला तेलही लावत नाही. भाज्यांची यादी तिथे नाहीच.

‘भाजी’साठीचा मूळ हिब्रू शब्द ‘बी’ (बियाणं) या अर्थाच्या शब्दापासून आलाय, म्हणजे पेरून उगवणारं. त्यामुळे अनेक अभ्यासक त्यात धान्य, कडधान्यंही धरतात. मग ज्वारीची भाकरी, मुगाची आमटी, मटकीची उसळ खुशाल चालावी. एकादशीच्या सवयीने धान्य टाकून साबुदाण्याकडे वळायचं कारण नाही.

दूध, तूप, गूळ, मध, यीस्ट यांची बंदी आजच्या प्रथेतली आहे, पाळायची तर पाळा. पण त्या दोन अध्यायांत यांतल्या एकाचंही नाव नाही.