घाम, घोंगडी आणि हिवाळ्यातली लांब वाट

माघी एकादशीला पंढरपुरात पोचण्यासाठी बेळगाव आणि खानापूर तालुक्यांतून पायी दिंड्या निघतात. वाट सुमारे अडीचशे किलोमीटरची, रोजची मजल वीस-पंचवीस किलोमीटरची, आणि मुक्काम हलवण्याची वेळ नेमकी थंडी सर्वांत जास्त असण्याची. कारण निरभ्र रात्री जमीन आपली उष्णता आकाशाकडे टाकत राहते आणि तापमान तळ गाठते ते सूर्योदयाच्या सुमारास. अशाच एका पहाटे, चिकोडीच्या अलीकडच्या माळावर, मी स्वेटर, त्यावर जॅकेट आणि कानटोपी अशा थाटात चालत होतो. शेजारी चालणाऱ्या मामांच्या अंगात साधा सुती सदरा होता आणि घोंगडी घडी करून खांद्यावर टाकलेली होती. वीसेक मिनिटांनी त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, "घाम यायच्या आत स्वेटर काढ की रे. आल्यावर काढून काय उपयोग?"

मामांचे हे बोलणे भौतिकशास्त्राच्या हिशेबात तंतोतंत बसते, हे मला बऱ्याच उशिरा कळले. नुसता बसलेला माणूस सुमारे १०० वॅट उष्णता बाहेर टाकतो, म्हणजे जुन्या पिवळ्या बल्बाइतकी. तोच माणूस सपाटीवर ताशी पाच किलोमीटर वेगाने चालू लागला, की हा आकडा दुप्पट-अडीचपट होतो आणि पाठीवर सॅक घेऊन चढ चढू लागला, की पाचपटीकडे जातो. कारण स्नायूंनी खर्च केलेल्या ऊर्जेपैकी जेमतेम पाव हिस्सा कामी येतो आणि उरलेली उष्णता होऊन बाहेर पडते. थोडक्यात, चालणाऱ्याची शेगडी सतत पेटलेली असते आणि थांबणाऱ्याची काही मिनिटांत मंदावते. अंगावरचे कपडे मात्र दोन्ही वेळी तेच राहतात, आणि हिवाळ्यातल्या चालण्याची सगळी अडचण या विसंगतीतून उभी राहते.

घामाचा हिशेब तर आणखी कडक आहे. एक ग्रॅम घाम अंगावरून वाळण्यासाठी सुमारे २,४०० जूल उष्णता लागते. समजा, चढ चढताना बनियनमध्ये चहाच्या लहान ग्लासाइतका, म्हणजे १०० मिलिलिटर घाम मुरला आणि आपण माथ्यावर जाऊन वाऱ्यात बसलो. तो घाम अंगाच्या उष्णतेवरच वाळायचा असेल, तर त्यासाठी २,४०,००० जूल लागतील. आणि बसलेल्या शरीराची १०० वॅटची, म्हणजे सेकंदाला १०० जूल देणारी, शेगडी तेवढी उष्णता तयार करण्यासाठी तब्बल ४० मिनिटे घेईल. या काळात स्वतःला ऊब देण्यासाठी तिच्याकडे काहीच शिल्लक राहणार नाही. शिवाय पाणी हवेपेक्षा जवळजवळ पंचवीस पट अधिक सहजतेने उष्णता वाहून नेते. त्यामुळे ज्या कापडात आधी हवा कोंडलेली होती, त्यात पाणी शिरले, की त्या कापडाचे काम उलटे होते.

आपल्या भागात या चुकीची शिक्षा सौम्य असते. समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंचीवरच्या बेळगावात डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे स्वेटर हवासा वाटतो आणि दुपारी टोपीशिवाय चालवत नाही. ओले कपडे ऊनच वाळवून टाकते. पश्चिमेला जांबोटी-कणकुंबीकडे झाडीत दंव इतके पडते, की गुडघ्यापर्यंतची पँट घामाआधीच भिजते. पूर्वेला सौंदत्तीच्या बाजूला कोरडा वारा घाम दिसूही देत नाही. सखल भागात आणखी एक गंमत अनुभवता येते. थंड हवा जड असल्यामुळे रात्री ती उतारावरून खाली वाहत येते आणि नदीकाठी साचते. त्यामुळे मलप्रभेच्या काठाने पहाटे चालताना जी हुडहुडी भरते, ती शंभरेक मीटर वर चढल्यावर कमी होते, आणि चालल्यामुळे अंग तापले असा आपला समज होतो. तो निम्माच खरा असतो.

मामांच्या घोंगडीकडे आता जवळून पाहू. दख्खनी मेंढीच्या लोकरीची ही घोंगडी विणताना सुताला चिंचोक्याची खळ लावतात, त्यामुळे नवी घोंगडी पाटीसारखी ताठ असते. तिच्यावर पाण्याचा थेंब टाकला, तर तो मोत्यासारखा उभा राहतो आणि हलवला तर घरंगळतो, कारण लोकरीच्या तंतूवर बाहेरून स्निग्ध आवरण असते. द्रवरूप पाण्याला अडवणारा हा तंतू वाफेला मात्र आत येऊ देतो; स्वतःच्या कोरड्या वजनाच्या सुमारे एक तृतीयांश ओल शोषूनही तो हाताला ओला लागत नाही, उलट ओल शोषताना थोडी उष्णता सोडतो. सुती कापडाचे वागणे याच्या अगदी विरुद्ध असते. ते पाणी पिते, अंगाला चिकटते आणि वाळायला वेळ लावते. मामांचा सुती सदरा इथल्या उन्हात चालून जातो, बर्फात तो घातक ठरला असता. दख्खनी लोकर जाड आणि केसाळ असल्यामुळे टोचते, म्हणून ती अंगालगत कोणी घालत नाही. ट्रेकच्या दुकानांत महाग विकले जाणारे मेरिनो मेंढीच्या लोकरीचे बनियन त्याच गुणाचे, फक्त बारीक तंतूंचे असते.

घाम टाळायचा तर एक उपाय म्हणजे भार कमी करणे, आणि चालण्याच्या पद्धतींचे खरे वेगळेपण इथे दिसते. दिंडीने हा प्रश्न केव्हाच सोडवला आहे: अंथरूण-पांघरूण, भांडी आणि शिधा टेम्पोत, आणि माणसाकडे टाळ आणि पाण्याची बाटली. हिमालयातल्या संघटित ट्रेकमध्ये हेच काम खेचर करते. याउलट स्वतःचा संसार स्वतःच्या पाठीवर घेणाऱ्यांमध्ये दोन पंथ आहेत. एक पंथ पंधरा-वीस किलोंची सॅक उचलतो आणि कोणत्याही प्रसंगाला तयार राहतो. दुसरा अतिहलक्या सामानाचा पंथ अन्न, पाणी आणि इंधन सोडून बाकीचे ओझे साडेचार किलोंच्या आत बसवतो. उन्हाळ्यात मी दुसऱ्या पंथाच्या बाजूने मत देईन. हिवाळ्यात मात्र ते गणित ताणले जाते, कारण हलके राहण्यासाठी जी वस्तू आपण घरी ठेवतो, ती नेमकी थांबल्यावर घालायची जाड जॅकेट असते. वजन कुठे आहे यालाही महत्त्व आहे: पायात वाढलेला एक किलो पाठीवरच्या सुमारे पाच किलोंइतका दमवतो, कारण तो प्रत्येक पावलाला उचलून पुढे फेकावा लागतो. अथणीची चप्पल घालून मैलोन्मैल चालणारी माणसे जड बुटांकडे संशयाने पाहतात, ते उगीच नव्हे. बर्फात मात्र चप्पल सोडावीच लागते, आणि बर्फ भुसभुशीत असेल, तर बूटही पुरत नाहीत. मांडीपर्यंत रुतणारा पाय दर वेळी उपसून काढण्यापेक्षा पसरट स्नोशू किंवा स्की बांधून तेच वजन कैक पट मोठ्या क्षेत्रफळावर वाटून देणे स्वस्त पडते.

या सगळ्याचा सर्वांत कठोर प्रयोग दक्षिण ध्रुवाच्या वाटेवर झाला. नॉर्वेचे रोआल्ड आमुंडसेन १४ डिसेंबर १९११ रोजी ध्रुवावर पोचले, तर ब्रिटनचे रॉबर्ट स्कॉट १७ जानेवारी १९१२ रोजी. आमुंडसेन यांच्या तुकडीची घसरगाडी कुत्र्यांनी ओढली आणि माणसे स्कीवर चालली. दिवसाची मजल बहुतेक वेळा पाच-सहा तासांत संपवून ती तंबूत विसावत. अंगात उत्तर ध्रुवाकडच्या इन्युइट लोकांकडून शिकून घेतलेले सैलसर केसाळ कातडी कपडे असत, ज्यांत हवा खेळवून ऊब कमी-जास्त करता येई. स्कॉट यांच्या माणसांनी परतीच्या वाटेवर गाड्या स्वतः ओढल्या, म्हणजे घाम गाळला, आणि त्या हवेत घाम वाळत नाही, गोठतो. (वाटेत कुत्री मारून खाण्याचा आमुंडसेन यांचा बेत मला आजही अस्वस्थ करतो, पण तो त्यांच्या हिशेबाचाच भाग होता.) स्कॉट यांच्याच मोहिमेतले तिघे १९११च्या ऐन हिवाळ्यात एम्परर पेंग्विनची अंडी आणायला निघाले होते. पारा उणे ६० अंशांपर्यंत उतरला. त्यांच्या झोपण्याच्या पिशव्यांत रोज शरीरातून निघालेली वाफ अस्तराआड गोठत गेली, पिशव्या दिवसेंदिवस जड आणि पत्र्यासारख्या कडक होत गेल्या, आणि रात्री आत शिरण्यासाठी त्यांना आधी अंगाच्या उबेने त्या वितळवाव्या लागत.

ही पिशवीची गोष्ट मला ठाऊक होती, म्हणूनच बेळगावहून केदारकंठाला निघताना मी मामांची घोंगडी मागून घेतली. उत्तरकाशी जिल्ह्यातले हे शिखर सुमारे ३,८०० मीटर उंच आहे आणि डिसेंबरअखेर तिथल्या वाटेवर बर्फ असतो. किरकोळ गोष्टी आम्ही आधीच शिकून घेतल्या होत्या. बर्फ पाण्याच्या वरच्या थरात आधी धरतो, म्हणून बाटली उलटी ठेवायची, म्हणजे झाकण मोकळे राहते. ब्युटेन उणे अर्ध्या अंशाच्या खाली वायू होण्यास नकार देते, म्हणून शेगडीच्या डब्यात प्रोपेनचे मिश्रण हवे. टॉर्चचे सेल रात्री पिशवीत घेऊन झोपायचे. सॅकमधल्या घोंगडीच्या जवळजवळ तीन किलोंवर मात्र सोबत्यांनी पायथ्याच्या सांक्री गावापासून जूडा का तालाब या तळ्याकाठच्या मुक्कामापर्यंत यथेच्छ विनोद केले.

त्या रात्री मी कोरडे बनियन घालून पिसांच्या स्लीपिंग बॅगमध्ये शिरलो आणि घोंगडी वरून पांघरली. पिसांचे सगळे बळ त्यांच्या फुगीरपणात असते. ती ओली झाली, की गोळा होऊन बसतात. झोपेत अंगातून निघणारी वाफ बाहेर सरकत जाते आणि जिथे तिला पुरेसा थंड थर भेटतो, तिथे थिजते. वर काहीच नसेल, तर तो थर पिसांतच असतो. वर आणखी एक पांघरूण असेल, तर तो त्या पांघरुणात सरकतो. सकाळी डोके बाहेर काढले, तेव्हा काळ्या घोंगडीच्या वरच्या अंगावर, प्रत्येक उभ्या केसाच्या टोकाला, साखरेच्या दाण्याएवढा हिमकण लागलेला होता. खाली बॅगचे कापड कोरडे होते. शेजारच्या सोबत्याच्या बॅगवर पायाकडच्या बाजूला ओलसर डाग पडला होता आणि तिथली पिसे बोटाला गाठीसारखी लागत होती. मी घोंगडी तंबूबाहेर नेऊन दोनदा झटकली, हिमकण भुरभुरत खाली गेले, आणि तिची घडी करून मी सॅकच्या तळाशी कोंबली.